दिवसाच्या मापाचे कपडे

गुरुवार, रात्री

"वयाला शोभेल असे नेसावे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आज सकाळी ट्रॅक पँट आणि बूट घालून फिरायला निघाले असताना ओळखीच्या एका बाईंनी ते पुन्हा ऐकवले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती, पण ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. साठी ओलांडेपर्यंत माझे कपडे कितीतरी वेळा बदलले, आणि त्यातला एकेक बदल आठवून पाहिला तर कारण म्हणून वय फारच क्वचित पुढे येते. कुठे जायचे आहे, कशाने जायचे आहे, हातांना काय काम आहे आणि धुतलेले कापड वाळायला किती वेळ मिळणार आहे, यावरच माझे कपडे ठरत गेले.

आमचे घर मूळचे सोलापूरचे. आजी जन्मभर इरकल नेसली. इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी. विणकर अंगाचे आणि पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगळे लावून फाशांनी एकमेकांत अडकवतात, त्यामुळे अंगाला कापसाचा गारवा मिळतो आणि डोक्यावरून येणारा पदर तेवढा उंची दिसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात असे कापड कोणी शोभेसाठी निवडत नसे, ते त्या हवेसाठीच बनलेले होते. आठ मीटरच्या आसपासचे ते लुगडे कासोटा घालून नेसले की आजीला दोन्ही पाय मोकळे मिळत. ती उकिडवी बसून सारवण करी, आडाचे पाणी ओढी, शिडीवरून माळ्यावर चढे, आणि कनवटीला लावलेले सुट्टे पैसे दिवसभर हलत नसत. लुगडे मध्यभागी विरले की ते फाडून, धडके तुकडे जोडून त्याला दंड घालत. तेही झिजले की त्याची दुपटी आणि झबली होत, आणि शेवटी ते वाकळेत जाई. मला जन्मल्यावर पहिल्यांदा गुंडाळले ते आजीच्याच लुगड्यात, असे आई सांगते. नवे कापड तान्ह्या अंगाला खुपते आणि शेकडो वेळा धुतलेले खुपत नाही, हे त्या बायकांना कोणी शिकवलेले नव्हते.

आईच्या लग्नातली सगळी लुगडी नऊवारी होती. पुढे ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि पाचवारी नेसू लागली. तिच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आजीला, ते फारसे रुचले नव्हते. परंतु सकाळचा स्वयंपाक उरकून शाळेची घंटा गाठायची असताना पाचवारी लवकर नेसून होते, तिला कापड कमी लागते आणि रोज पिळून वाळत घालायला ती हलकी पडते, हा हिशेब आजीलाही नाकारता येईना. दुसऱ्या वर्षापासून आजीनेच आईच्या पातळांना खळ करून द्यायला सुरुवात केली.

माझे परकर-पोलके, मग शाळेचा निळा स्कर्ट आणि कॉलेजातली साडी यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही, कारण त्या वयात निवड अशी नव्हतीच. निवड सुरू झाली ती १९८४ साली, मुंबईत फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा. राहायला बोरिवलीला आणि उतरायचे चर्चगेटला. आईने दिलेली खळ केलेली सुती पातळे मी पहिल्या पावसाळ्यातच बाजूला ठेवली. दोन खोल्यांच्या घरात ती वाळत नसत, इस्त्रीला सकाळी वेळ नसे, आणि गाडीत शिरतानाच त्यांच्या निऱ्यांचा चोळामोळा होई. त्यांच्या जागी पॉलिएस्टरच्या छापील साड्या आल्या. त्या रात्री धुवाव्यात आणि सकाळी नेसाव्यात. ना खळ, ना इस्त्री. पदराला खांद्यावर एक पिन, निऱ्यांना दुसरी, आणि पर्समध्ये आणखी दोन. पॉलिएस्टरच्या साड्यांना पुष्कळ नावे ठेवली जातात, पण नोकरी करणाऱ्या आमच्या पिढीच्या बायकांचा रोजचा किमान अर्धा तास त्या कापडाने वाचवला, हे मी कृतज्ञतेने नोंदवून ठेवते. त्या अर्ध्या तासात मुलांचे डबे होत असत.

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट आणि बोरिवलीदरम्यान केवळ महिलांसाठी असलेली पहिली लोकल सुरू केली. त्या गाडीत बसून मी एक पूर्ण स्थित्यंतर पाहिले. सुरुवातीला डब्यात बहुतेक साड्याच दिसत. मग तरुण मुलींचे पंजाबी ड्रेस वाढले, आणि पुढच्या काही वर्षांत माझ्या वयाच्या, दोन मुलांच्या आयाही सलवार-कमीज घालून दारातल्या खांबाला धरून उभ्या राहू लागल्या. धावत गाडी पकडताना पायात निऱ्या अडकण्याची भीती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या बदलाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. मीही तो बदल केला. सासूबाईंनी एकदाच विचारले, "ओढणी सांभाळता येते ना?" मी हो म्हटल्यावर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

याच वर्षांत शरीरानेही आपले म्हणणे मांडले. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू झाले तेव्हा पुढून हुक असलेले सैल ब्लाऊज आणि दूध झिरपले तरी डाग न दाखवणारी गडद, बारीक छापाची कापडे हीच माझी गरज होती. त्याच्या कितीतरी वर्षांनंतर, रजोनिवृत्तीच्या काळात, भर बैठकीत अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन मान आणि पाठ घामाने भिजत असे, आणि तोवर इमानाने साथ देणारे पॉलिएस्टर अंगावर क्षणभर सोसवेना, कारण ते घाम टिपतच नाही. तेव्हा मी कुर्ते सुती केले. कचेरीत कोणालाही ते कारण कळले नाही. "हल्ली कॉटनची आवड लागली वाटते," एवढेच सगळे म्हणाले. बायकांच्या कपड्यांतले कितीतरी बदल असे आवड म्हणून खपतात, आणि त्यांच्या मागचे दुखणे कोणी विचारत नाही. हे मला आजही खटकते.

मी निवृत्त झाले त्या २०२० सालच्या डिसेंबरमध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले. त्यात जीन्स आणि टी-शर्ट नको असे म्हटले होते आणि शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती. ते वाचताना जाणवले की आता मला असे काही सांगणारे कोणीच उरलेले नाही: ना गाडीचे वेळापत्रक, ना हजेरीपट. या मोकळेपणात माझे कपडे दोन उलट दिशांना गेले. सकाळी चालायला ट्रॅक पँट आणि बूट, कारण गुडघ्यांना ते मानवतात. आणि अकरानंतर, घरी असले तरी, खळ केलेली सुती साडी. चाळीस वर्षांपूर्वी वेळेअभावी बाजूला ठेवलेली ती पातळे आता मी स्वतः तांदळाच्या पेजेत बुडवून, दोरीवर ताणून वाळवते. आजीची राहिलेली एक इरकल मी कोणताही सण नसताना नेसते. शोभण्याच्या नियमाने पाहिले तर सकाळची मी वयाहून लहान ठरते आणि दुपारची मोठी.

वयाच्या आणि रीतीच्या नावाखाली खरा अन्याय झाला तो आईवर. वडील गेले तेव्हा ती सत्तरीच्या आत होती. तिला कोणी आज्ञा केली नाही. फक्त भेटीला येणाऱ्या बायका फिक्या रंगांची पातळे घेऊन आल्या, आणि हिरवी, मरून, जांभळी पातळे तिने स्वतःच ट्रंकेत ठेवून दिली. तिच्या दिवसाचा क्रम त्यामुळे कणभरही बदलला नव्हता. तीच बाग, तीच शिकवणीची मुले, तेच दुपारचे वाचन. तिच्या रंगांना जाण्याचे कारण दुसऱ्यांच्या नजरेपलीकडे काहीही नव्हते, म्हणूनच ते मला फार लागले.

आता ती पंच्याऐंशीची आहे. उजवा खांदा आखडल्यामुळे हात वर जात नाही, आणि निऱ्या घालायला दुसऱ्याची मदत लागते. बाजारचे गाउन तिला नको वाटत. त्या नायलॉनच्या फुलाफुलांच्या कापडात आपण आजारी असल्यासारखे वाटते, असे ती म्हणे आणि कोणी आले की त्यावर पंचा पांघरून बसे. यंदाच्या संक्रांतीनंतर आम्ही ती ट्रंक उघडली. "आई, यांचेच गाउन शिवूया का?" असे विचारल्यावर तिने बराच वेळ कापड बोटांनी चाचपले आणि म्हणाली, "मरूनपासून सुरू कर."

आमच्या शिंप्याला प्रथम ते पटले नाही, कारण जुने कापड शिवणीत फाटते. मग त्यानेच उपाय काढला. पातळ टाचेपाशी आणि बसण्याच्या जागी अधिक विरते, म्हणून तो भाग वगळून पदराकडचे धड कापड घेतले. खांद्यांना आतून मऊ अस्तर लावले. हात वर न करता घालता यावे म्हणून पुढून खालपर्यंत उघडे ठेवून मोठी टिचबटणे बसवली. बाही रुंद, आणि काठ त्या बटणपट्टीवर उभा. आईने तो घालून आरशात पाहिले आणि काठ सरळ आला आहे याची खात्री करून घेतली. त्या दिवसापासून पंचा खुंटीला आहे.

तिची एकच तक्रार आहे, आणि ती रास्त आहे: चष्मा, रुमाल आणि औषधाची डबी ठेवायला जागा नाही. आजीला कनवटी होती, कमरेला खोचण्याची ती सोय गाउनमध्ये गेली. पुढचा गाउन हिरव्या पातळाचा व्हायचा आहे. त्याला डाव्या बाजूला, बसल्यावरही हात सहज पोहोचेल इतक्या उंचीवर, खोल खिसा लावायला सांगायचे आहे. शनिवारी शिंप्याकडे जाताना माप म्हणून तिच्या चष्म्याचे घर बरोबर न्यायचे आहे.