आडवा कापलेला योक

दुरुस्त होऊन आलेल्या ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या एका वितरण ट्रान्सफॉर्मरची आमच्या विभागात नो-लोड (भार न जोडता) चाचणी घेतली, तेव्हा लोहहानी, म्हणजे कोअरच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज, मर्यादेच्या बरीच वर गेली आणि नो-लोड करंट त्याहूनही जास्त वाढलेला दिसला. रेशो (वेढ्यांचे गुणोत्तर) बरोबर होता, तिन्ही फेजचे रेझिस्टन्स जुळत होते. त्यामुळे संशय कोअरवरच आला. दुरुस्ती करणाऱ्याने वरचा योक, म्हणजे कोअरचा आडवा भाग, नव्या पत्र्यांचा बसवला होता व पत्र्याचे प्रमाणपत्रही जोडले होते. ते अस्सल होते, पत्र्याची जाडी ०.२७ मिमी भरत होती आणि कडांना बर (कापताना राहणारी खरखरीत कोर) नव्हती.

योक उघडून पत्रे टेबलावर घेतले आणि त्यांवर डोमेन व्ह्यूअर, म्हणजे पत्र्यातली चुंबकीय रचना दाखवणारे उपकरण, टेकवला. लिंबच्या (कोअरच्या उभ्या खांबाच्या) पत्र्यावर चुंबकीय डोमेनचे, म्हणजे एकाच दिशेत चुंबकित असलेल्या भागांचे, बारीक पट्टे लांबीच्या दिशेने धावत होते. योकच्या पत्र्यावर तेच पट्टे रुंदीत उमटले. माल उत्तम होता, पण रुंद शीटमधून पट्ट्या आडव्या कापल्या होत्या.

कोअरसाठी वापरतात त्या सीआरजीओ (थंड लाटलेल्या, कणांना दिशा दिलेल्या पोलादाच्या) पत्र्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते आणि लोखंडाचा घनाकृती स्फटिक आपल्या कडेच्या दिशेने सर्वांत सहज चुंबकित होतो. नॉर्मन गॉस यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीने बहुतेक कणांची (स्फटिकांची) ही कड लाटण्याच्या दिशेत येते. त्याच पत्र्यात काटकोनात घनाच्या पृष्ठाचा कर्ण येतो आणि सुमारे ५५ अंशांवर घनाचा मुख्य कर्ण, म्हणजे चुंबकनाला सर्वांत अवघड दिशा. आडव्या दिशेत हानी तिपटीच्या घरात जाऊ शकते. प्रमाणपत्रातले आकडे मात्र लाटण्याच्या दिशेतले असतात. कोपऱ्यांवर पत्रे ४५ अंशांत कापून जोडतात तेही याचसाठी, की वळतानाही फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) शक्य तितका काळ कणांच्या दिशेने जाता यावे.

मला हे फार लागले, कारण भार असो वा नसो, ही हानी ट्रान्सफॉर्मर चालू असेपर्यंत चोवीस तास होत राहते आणि तिचे पैसे ग्राहक वर्षानुवर्षे मोजतो. योग्य दिशेने कापलेल्या पत्र्यांचा योक बसवल्यावर हानी मर्यादेत आली. त्यानंतर आमच्याकडे दुरुस्तीच्या प्रत्येक कोअरमधले नमुन्याचे पत्रे चाचणीपूर्वी व्ह्यूअरखाली पाहिले जातात आणि तपासणीपत्रकात लाटण्याची दिशा बाणाने नोंदवली जाते.