काटा शून्यावर असतानाही

गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर चाकातील हवेचा दाब २२० किलोपास्कल असा छापलेला असतो, पंपावरचा मुलगा ‘किती टाकू, बत्तीस?’ असे पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) विचारतो आणि कारखान्यात उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याच्या डोक्यात तोच दाब ‘सव्वादोन केजी’ म्हणून बसलेला असतो. आकडे तीन, हवा एकच.

‘किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर’ हे लांबलचक नाव फिटरांच्या तोंडी झिजून त्याचे ‘केजी’ झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. घोटाळा होतो तो तीन एकके एकमेकांच्या फार जवळ असल्यामुळे. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल, एक केजी म्हणजे ९८,०६६.५ पास्कल आणि एक प्रमाण वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल. कॉम्प्रेसरच्या तबकडीवर बार आणि केजी यांतील दोन टक्क्यांचा फरक काट्याच्या जाडीत लपून जातो, म्हणून तिथे कोणी तो पाळत नाही आणि त्यात काही बिघडतही नाही. परंतु एक टक्का अचूकतेच्या दाबमापकाचे अंशशोधन (कॅलिब्रेशन) करताना हीच सवय अंगाशी येते.

पास्कल हे एकक मात्र व्यवहारासाठी फारच लहान आहे. १९७१ साली या एककाला फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचे नाव अधिकृतपणे मिळाले. झेरॉक्सचा ८० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद टेबलावर पडला, तर तो टेबलावर साधारण ०.७८ पास्कल दाब देतो. त्यामुळे पास्कलच्या मागे किलो किंवा मेगा लावल्यावाचून यंत्रशाळेत भागत नाही.

तोंडी हिशेबासाठी मी पीएसआयला सातने गुणून शंभराने भागतो. बत्तीस साते दोनशे चोवीस, म्हणजे २.२४ केजी, खरे उत्तर २.२५ आहे. बारसाठी हाच हिशेब दीड टक्का जास्त येतो, तो चाकापुरता चालतो.

गुणाकार एकदा जमला की रूपांतर आले, असे मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटत होते. बॉयलरच्या दाबमापकावर सात केजी दाब होता. मी त्याचे ६.८७ बार केले, कोणत्या दाबाला वाफेचे तापमान किती, हे देणाऱ्या कोष्टकात पाहिले आणि तापमान सुमारे १६४ अंश सेल्सिअस असायला हवे, असे ठरवले. तापमापक १७० च्या जवळ होता. तो बिघडला आहे, असे मी वहीत लिहूनही टाकले. बॉयलर सांभाळणारे काका वही पाहून म्हणाले, “साहेब, काटा शून्यावर असतो तेव्हाही बाहेर हवा असतेच की.” कोष्टक निरपेक्ष, म्हणजे पूर्ण पोकळीला शून्य धरून मोजलेल्या दाबाचे होते, तर माझा आकडा वातावरणाच्या वर किती, एवढेच सांगत होता. वातावरणाचे १.०१ बार मिळवले की ७.८८ बार होतात आणि तापमान १७० च्या जवळच येते. तापमापक बरोबर होता. वहीतला तो शेरा मी खोडला, पण खोडलेले वाचता येतच होते.

तेव्हापासून कोणताही दाब दिसला की आधी शून्य कुठले, हे मी विचारतो. पंक्चर झालेल्या चाकाचा दाब शून्य म्हणतात, तेव्हाही आत एक वातावरण हवा असते. डॉक्टर रक्तदाब १२० सांगतात, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणि बाहेरच्या हवेच्या वरचा. किलोपास्कलमध्ये तो १६ होतो, पण समुद्रसपाटीवर निरपेक्ष मोजला तर पाऱ्याचे ८८० मिलिमीटर भरेल. हवामान खात्याचा १०१३ हेक्टोपास्कल हा आकडा मात्र निरपेक्षच असतो, कारण तिथे वातावरणालाच मोजायचे असते.

घरातला कुकरही याच हिशेबावर चालतो. शिट्टीचे वजन एक केजीला उचलले जाते, परंतु ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत. मुंबईत आत सुमारे दोन बार निरपेक्ष दाब तयार होऊन पाणी १२० अंशांपर्यंत तापते. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला बाहेरची हवाच ०.८६ बारच्या आसपास असल्यामुळे त्याच कुकरमध्ये, त्याच शिट्टीला, आतला दाब १.८४ बार आणि तापमान ११८ अंशांच्या जवळपास राहते. हरभरे भिजवलेले नसतील, तर तिथे एखादी शिट्टी जास्त द्यावी लागते.