किल्टची वही: नोव्हेंबर ते जानेवारी

आठ वारांचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, अखेर शिवून हातात आला. वाराला १६ औंस भरणारं लोकरी कापड, टार्टन (कुळाकुळाचा चौकड्यांचा नमुना) ब्लॅक वॉच. आपल्याला कुठलं स्कॉटिश कूळ असायला! त्यामुळे कुणालाही चालतो तोच घेतला. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे नऊवारीला एक वार कमी." निऱ्या मात्र मागे, पुढे एकावर एक दोन सपाट पदर. म्हणून मी 'घातला' म्हणत नाही, 'नेसलो'च म्हणतो.

पहिल्या दिवशी जीन्ससारखा कमरेच्या हाडावर बांधला. काठ गुडघ्याखाली गेला आणि आरशात शाळेतली मुलगी दिसली. किल्ट बेंबीच्या रेषेत बसतो. गुडघे टेकून बसा, काठ जमिनीला जेमतेम लागतो न लागतो असा हवा. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबराला आला तेव्हा त्याचा किल्ट भलताच आखूड होता, आत गुलाबी विजार. तेवढ्यावर माझं समाधान.

३० नोव्हेंबर, सेंट अँड्र्यूज डे (स्कॉटलंडच्या संताचा दिवस), दुपारचं जेवण. ट्वीडचं जाकीट, साधा टाय, चामड्याचा स्पोरन (किल्टपुढे लटकणारा बटवा), शेवाळी मोजे, नेहमीचे ब्रोग बूट. किल्टचं जाकीट आखूड का, ते इथे कळलं: नेहमीचा कोट वर चढवला तर स्पोरन झाकला जातो आणि निऱ्यांवर कापडाचा बोळा होतो.

नाताळात डोंगरावर जाड स्वेटर, बूट, मोजे घोट्यापर्यंत खाली ढकललेले. चाललं. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२५ जानेवारी, बर्न्स नाइट, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ रात्रीची मेजवानी. किल्ट तोच, बाकी सगळं बदललं. प्रिन्स चार्ली हे समारंभाचं आखूड जाकीट, तीन बटणांचं वेस्टकोट, काळा बो टाय. स्पोरन केसाळ, वर धातूची चकचकीत पट्टी, कमरेला साखळी. पट्टा मुद्दाम काढून ठेवला: वेस्टकोटवर पट्टा नको, तो दिसला की जाणकारांच्या भुवया वर जातात. उजव्या मोज्यात स्कीयन डू, म्हणजे छोटा सुरा, फक्त मूठ दिसेल इतकाच खोचलेला.

गिली ब्रोग या लांब नाड्यांच्या बुटांनी अर्धा तास खाल्ला. या बुटाला जीभच नसते. नाडी पायाच्या पुढे दोन-तीनदा एकमेकींत पिळायची, मग घोट्यामागून फिरवून पुढे गाठ, गोंडे लोंबते. मी पोटरीपर्यंत चढवली, ग्रीक सैनिकासारखी. सोडली, पुन्हा बांधली. घोट्याच्या जरा वर थांबायचं, बस्स.

आणि किल्टची पिन! वरच्या पदराला उजव्या कडेजवळ लावायची असते, हे वाचलं होतं. वारा होता म्हणून आगाऊपणा करून खालच्या पदरालाही टोचली. जेवायला बसलो, कापड ताणलं, पिनेभोवतीचे धागे ओढले गेले. पिन दोन पदर जोडायला नसतेच. वजन देऊन एक पदर खाली ठेवते, एवढंच तिचं काम.

दिवसा चामडं, रात्री धातू, इतकं धरलं तरी निम्मं साधतं. माझं मत: साखळीचा स्पोरन दुपारच्या लग्नात लोक मिरवतात तेव्हा दागिने घालून भाजीला निघाल्यासारखं वाटतं.

पिनेच्या भोकावर सुती कापड ठेवून वाफ देतोय. दोन धागे जागेवर आलेत, तिसरा हट्टी आहे.