पारसिकच्या धारेवरचा तिसरा वसंत

नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगरधारेवर बसून वसंतात उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी मोजतो, त्याचं हे तिसरं वर्ष. गेल्या वर्षीच्या वहीत १४ मार्चच्या पानावर मी मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलंय: ‘घार, उत्तरेकडे – ५२’. खाली दोन रेघाही मारल्यात. त्यातल्या निम्म्याहून जास्त घारी तुर्भ्याच्या डम्पिंगवर निघालेल्या, इथल्याच, रोजच्या चाकरमानी घारी असणार, हे आता कळतंय.

कळलं ते यंदाच्या दुसऱ्या बैठकीला. भाची वही सांभाळत होती, मी क्लिकर (मोजणीचं बटण) दाबत होतो. साडेनऊला एक घार उत्तरेला गेली, क्लिक. दहाला आणखी एक, क्लिक. सव्वादहाला क्लिक केलं तशी भाची म्हणाली, “मामा, ही तीच आहे. डाव्या पंखातलं पीस गळालेली. मघाशीच परत खाली बेलापूरकडे गेली होती.” दुर्बीण लावली तर डाव्या पंखात खाच, अगदी स्वच्छ. एकाच घारीने मला तीनदा गंडवलं होतं. (मामा-भाच्यांचा डोंगर तिकडे येऊरला, पण आमचीही जोडी वाईट नाही.)

म्हणून यंदा नियम बदलले. धारेवरच्या टॉवरपासून खालच्या काटेसावरीपर्यंत एक रेघ मनाशी आखली. पक्षी ती दक्षिणेकडून ओलांडून गेला आणि दुर्बिणीत दिसेनासा होईपर्यंत वळला नाही, तरच एक. त्याच जातीचा पक्षी उलटा आला की एक वजा. घारींना याहून कडक शिस्त: उंचावरून यायला हवी, थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, गिरक्या घेत चढून मग पंख न हलवता सरळ घसरत जायला हवी, आणि वाटेत खाली बघायचं नाही. खाली मान घालून उडणारी घार उंदीर नाहीतर कचरा शोधत असते. एवढं करूनही ‘घार, शंका’ असा वेगळा रकाना ठेवलाय, आणि तोच सगळ्यात भरलेला आहे.

घारी सरळ वगळून का टाकत नाही, असं एका मित्राने विचारलं. वगळता येत नाहीत, कारण हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या काळ्या कानाच्या घारी याच दिवसांत परत निघतात. दिल्लीत टॅग लावलेल्या अशा घारी हिमालय ओलांडून मध्य आशियापर्यंत गेल्याची नोंद आहे. पंखाखाली, लांब पिसांच्या मुळाशी, त्यांचा पांढरा डाग मोठा असतो. पण दुपारच्या उन्हात, डोक्यावर तीनशे मीटरवर तो डाग बघायचा म्हणजे मानेचं काम आहे. सतरंजीवर उताणं पडणं हाच उपाय. सकाळी फिरायला येणाऱ्या एक आजी परवा थांबून विचारत होत्या, “बरं वाटत नाही का हो?”

जागेबद्दल थोडं. बेलापूरच्या वरच्या टोकावर बसतो. इथून डोंगर उत्तरेला मुंब्र्यापर्यंत जातो, डाव्या हाताला खाडी. साडेनऊपर्यंत आकाश रिकामं, कारण खडक तापल्याशिवाय थर्मल उठत नाही. दहा ते साडेबारा हा खरा वेळ. मग समुद्रावरून खारा वारा येतो, थर्मल मोडतात, आणि जे काही येतं ते पश्चिम उतारावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर, धारेला चिकटून. तेव्हा पक्षी खाली असतात, ओळखायला सोपे. दृश्यतेसाठी आमची पट्टी म्हणजे कर्नाळ्याचा सुळका. तो दिसला तर ‘चांगली’, समोरचा खारघरचा डोंगरही धूसर असला तर ‘वाईट’. मार्चमध्ये बहुतेक दिवस वाईटच.

आतापर्यंतचा हिशोब: नऊ बैठका, २७ तास, नियमात बसलेले ३४ पक्षी. त्यातले १९ घारी, बाकी दलदली भोवत्या, मधुबाज आणि दोन-तीन ज्यांना नाव देता आलं नाही. दोन बैठकांना चक्क शून्य. जॉर्जियातल्या बातुमीला एका शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात, पण तिथे एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला पर्वत, आणि पक्ष्यांना मधल्या चिंचोळ्या पट्टीतूनच जावं लागतं. आपल्याकडे त्यांना अडवणारं काही नाही, ते सगळ्या मुलखावर विखरून जातात. शून्य लिहायला हात जड होतो, पण लिहितो.

एक दिवस मात्र वसूल. गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी घारींच्या घोळक्यात एक गडद पक्षी. मी ‘घार’ म्हणून मोकळा झालो होतो. शेपटीवर जाऊ नका, कारण पसरली की घारीच्या शेपटीतली खाचही नाहीशी होते. पण घार शेपूट सुकाणूसारखी सारखी पिळत असते, ही स्थिर होती. मग तो समोर वळला आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी, मानेच्या बाजूला, पांढरे दोन ठिपके चमकले. बूटेड गरुड, गडद रूपातला! भाचीने आधी पाहिले की मी, यावर घरी अजून वाद चालू आहे. तो धारेवर दोन गिरक्या मारून मुंब्र्याच्या दिशेने गेला तो परत आलाच नाही.

एप्रिल अखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अजून चार बैठका ठरवल्यात, त्या अमूर ससाण्यांसाठी. आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून ते याच सुमारास भारतात शिरतात. दिसतीलच असं नाही. काकांनी मोठी छत्री देऊ केलीय, ताकाची बाटली दोन लिटरची घेतोय, आणि क्लिकर या वेळी भाचीच्या हातात.