हिर्शच्या गावाला, मोडशीसकट

बर्लिनहून पोलंडमधल्या ग्दान्स्कला जायला गाडीने सहा तास लागतात. "बाबा, जरा खिडकीबाहेर बघा की. मोबाइल तर घरीही असतो," लेक म्हणाली. पण मोबाइलवर ऑगस्ट हिर्श हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर उघडा होता आणि आम्ही निघालो होतो त्याच्याच जन्मगावी. तेव्हा ते डान्झिग होतं.

माझी नोकरी आरोग्य खात्यातली. साथ आली की पहिला प्रश्न 'कुठल्या वाडीत?' आणि लगेच दुसरा, 'कधीपासून?' हिर्शने हेच दोन प्रश्न अख्ख्या जगाला विचारले. फ्लू, हिवताप, पटकी (म्हणजे कॉलरा), प्लेग, महारोग, गलगंड... कुठला आजार कुठे, केव्हापासून, कसल्या जमिनीत, कसल्या हवेत. त्याचा हा ग्रंथ 1859 ते 1864 दरम्यान आला. 1881 पासून निघालेली दुसरी आवृत्ती तर तीन खंडांची.

आणि हे सगळं सुरू झालं कशावरून? तर त्याला इंग्रजांच्या नोकरीत हिंदुस्थानात यायचं होतं! त्या तयारीत तो आपल्याकडच्या रोगांवर वाचत सुटला. नोकरी राहिली बाजूला, वाचन काही सुटलं नाही. एमपीएससीचा अभ्यास करता करता इतिहासाचे मास्तर झालेली दोन पोरं माझ्या ओळखीत आहेत, त्यांची आठवण झाली. 1863 साली हिर्श बर्लिनला प्राध्यापक झाला.

म्हणून तो नुसता पुस्तकी होता असं मात्र नाही. वाटेत पोझनान लागलं. 1873 च्या पटकीच्या साथीत तो याच भागात पाहणी करत फिरला. 1879 मध्ये व्होल्गाकाठी प्लेग झाला, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी तिकडेही गेला. मला एकसष्टाव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर जायचं जिवावर येतं.

ग्दान्स्कचं जुनं गाव 1945 मध्ये जळून गेलं. आज दिसतात ती उंच, चिंचोळी, रंगीत घरं नंतर पुन्हा बांधलेली. त्यामुळे हिर्शचं घर शोधायच्या फंदात पडलोच नाही. मोटवावा नदीकाठी लाकडी पोटाची जुनी अवाढव्य क्रेन आहे, तिच्यासमोर बसलो. धान्य, लाकूड, मीठ सगळं या धक्क्यावर उतरायचं. 1831 मध्ये पटकीही या बंदरात पोचली. हिर्श तेव्हा तेरा वर्षांचा. त्याचा जन्म 1817 चा, आणि बंगालात जेसोरला ती मोठी साथ भडकली तीही 1817 सालीच. पुढच्याच वर्षी ती मुंबईत होती. डान्झिगला यायला तिला चौदा वर्षं लागली.

आपल्याकडे मरीआईचा गाडा गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचे, पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. नोकरीत असताना मी या प्रकाराला हसायचो. धक्क्यावर बसल्यावर वाटलं, साथ गावागावातून सरकत जाते एवढं तरी त्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. इथल्या विटांच्या प्रचंड चर्चचं नाव मरियमचं. नावातलं साम्य योगायोगाचं, पण मी उगीच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी एल्ब्लाँगला गेलो. हिर्शने डॉक्टरकी सुरू केली ती इथे, 1844 मध्ये. दोन वर्षांनी तो डान्झिगला परतला. गाव ठीकच, वाट मात्र बघण्यासारखी. सपाट, खोलगट जमीन, काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली. जिकडे तिकडे पाण्याचे चर आणि काठाला वाळुंजाची झाडं. उत्तर युरोपात तेव्हा हिवताप होता. हिर्शचा 1848 चा सुरुवातीचा लेख हिवताप आणि क्षय कुठे कुठे आढळतात यावरच आहे. साचलेलं पाणी दिसलं की मला डासांच्या अळ्या आठवतात. मी काचेला नाक लावून बसलो, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, इथे पाणी ओतून कोरडा दिवस पाळायला सांगू नका कुणाला."

रात्री तिचंच पोट बिघडलं. बटाटा-चीज भरलेल्या पिएरोगी, वर तळलेला कांदा. बारा खाल्ल्या होत्या.

"मोडशी झालीय तुला," मी म्हणालो.

"म्हणजे?"

म्हणजे अपचन. पण गोव्यात पोर्तुगीजांनी हा शब्द पटकीसाठी उचलला. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात या रोगाचं वर्णन आहे. पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचं 'मोर द शियाँ' केलं. ती शाळेत फ्रेंच शिकलेली. पोट धरून उठून बसली.

"कुत्र्याचं मरण? बाबा, बारा पिएरोगींवर?"

मी खाली जाऊन पुदिन्याचा चहा सांगून आलो.