उजवा कान

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. नाशिकरोडहून येऊन दोन तास झाले. बायको म्हणते हळू बोला, शेजारी झोपलेत. मी हळूच बोलतोय की.

आज आमच्या बॅचचे अकरा जण आर्टिलरी सेंटरला, म्हणजे तोफखान्याच्या ट्रेनिंग सेंटरला जमलो. १९८७ ला काळी ट्रंक डोक्यावर घेऊन याच गेटातून आत गेलो होतो, आज गेटवर एक अग्निवीर पोरगं आमची कार्डं तपासत होतं, आम्हाला सर म्हणालं, तर नगरवाला म्हणतो अरे सर कशाला, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालोय. पोरगं हसलं नाही. ड्युटीवर हसायचं नसतं, त्याचं बरोबर आहे.

पहिला अर्धा तास कुणाचा कुणाला मेळ नाही. मी एकाला विचारलं पोरगी काय करते, तो म्हणाला आहे थोडी, गोळ्या चालूयत. त्याने शुगर ऐकलं होतं. मग कळलं की सगळेच ओरडून बोलतायत आणि प्रत्येकाला वाटतंय समोरचाच बहिरा झालाय. तोफखान्यात वीस-बावीस वर्षं काढली की एखादा कान सरकारजमा होतोच. माझा उजवा. १०५ मिलीमीटरच्या फील्ड गनवर मी तीन नंबर, म्हणजे लेयर, तोफेचा नेम धरणारा, लेयर बसतो तोफेच्या डाव्या अंगाला, डोळा डायल साइटला म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला आणि उजवा कान ब्रीचकडे, जिथून गोळा भरतात तिकडे. इअरप्लग मिळायचे, नाही असं नाही, पण ते घातले की नंबर वनची, म्हणजे तोफेच्या प्रमुखाची ऑर्डर नीट ऐकू यायची नाही, अन् उस्तादांनी डोक्यात पक्कं बसवलेलं की मिल म्हणजे कोन मोजायचं माप, पूर्ण चक्कर ६४०० मिल, एक मिल चुकलास तर दहा किलोमीटरवर गोळा दहा मीटर बाजूला, तिथे आपलीच माणसं असली तर? म्हणून प्लग खिशात. चूक आमचीच.

म्युझियमकडे गेलो. तिथे उभ्या तोफेपाशी मी सवयीने डाव्या बाजूला जाऊन उकिडवा बसलो. नेम फिरवायच्या हातचाकाला हात घातला, हलेना. रंगावर रंग चढून सगळं गच्च झालंय, आणि साइट बसायची तिथे नुसती रिकामी खोबण. तरी डोळा तिकडे गेलाच. मागून कुणीतरी फोटो काढला, गुडघे धरून उठताना.

बोफोर्सपाशी मात्र सातारकर थांबला तो थांबलाच. १९९९ ला तो द्रासला होता, दहा हजार फुटांच्या वर, नुसतं चाललं तरी धाप लागते आणि हा त्रेचाळीस किलोचा एकेक गोळा उचलत होता, रात्र-रात्र. तिथल्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये गन हिल नाव दिलं. आम्ही त्याला म्हटलं, अरे तुमच्या तोफांचं नाव लागलं डोंगराला. तो म्हणाला हो, आणि माझ्या पाठीला पट्टा लागला. एवढंच. कारगिलवर तो कधीच जास्त बोलत नाही, आम्ही न गेलेलेच जास्त बोलतो.

दुपारी झाडाखाली बसलो तेव्हा खुर्च्या सारख्या सरकत होत्या, ज्याचा जो कान शाबूत तो मध्ये आणायला. आणि तेवढ्यात देवळालीच्या फायरिंग रेंजकडून आवाज आला. धप्प. लांबून, जमिनीतून आल्यासारखा. अकराच्या अकरा गप्प. ईएनटीवाल्या डॉक्टरने मला सांगितलं होतं, तुमचे बारीक आवाज आधी गेलेत, जाड आवाज राहिलेत. खरंय, नातीचं बोलणं मला अर्धं कळतं, मोबाइलची रिंग तर नाहीच, पण हा आवाज अगदी स्वच्छ. नगरवाला म्हणाला १०५. मी म्हटलं १५५ आहे, बोफोर्सच्या मापाची. सातारकर डोळे मिटून दुसऱ्या राउंडची वाट बघत बसला. दुसरा आला, तिसरा आला, आणि मग जे भांडण लागलं ते चहा गार झाला तरी मिटेना, मग एकाच्या गाडीची वेळ झाली आणि सगळे उठलो.

आता नगरवाल्याने ग्रुपवर दीड मिनिटाची व्हॉइस नोट टाकलीये. बहुतेक १०५ च होती म्हणून. दोनदा लावली, काही कळलं नाही. सकाळी सुनेला ऐकायला लावतो.