पणजोबांचा खुराक

आमच्या घराण्यात पणजोबांची ओळख एका ओळीची आहे: शाहू महाराजांचे पैलवान. पुरावा म्हणून एक फोटो. फेटा, पिळदार मिशा, छातीवर एक पदक आणि मागं स्टुडिओचा रंगवलेला पडदा. फोटोवर ना नाव, ना साल. ऑगस्ट २०२४ मध्ये कुस्तीच्या खासबाग मैदानाला खेटून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरला चटका बसला. मामा म्हणाले, "जे काय हाय ते आत्ताच हुडकून ठेव." घरात सुट्टीला मोकळी असलेली मीच, त्यामुळं काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात पुराभिलेख कार्यालयापासून केली. संस्थानाची दप्तरं तिथं आहेत, बरीचशी मोडीत. अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि संशोधनाचा विषय द्यायचा. मी लिहिलं, "शाहूकालीन कुस्ती." खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "कुस्ती असा विभाग नाही मॅडम. पैलवानांना खायला कोण घालत होतं, ते बघा."

या एका वाक्यानं माझं पुढचं सगळं काम सोपं केलं. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि १९२२ मध्ये गेले. या काळात कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. महाराज स्वतः लाल मातीत उतरलेले. १९०२ च्या विलायतवारीत रोमचं जुनं वर्तुळाकार मैदान पाहिलं, आणि त्याच धर्तीवर बांधलेलं खासबाग १९१२ मध्ये उभं राहिलं. पार पंजाबातून मल्ल इथं यायचे. ही माणसं दरबाराच्या आश्रयावर जगत होती, म्हणजे कारकुनाच्या लेखी ती खर्चाची बाब होती. कोण चितपट झालं याच्याशी हिशेबनिसाला देणंघेणं नव्हतं. तूप किती गेलं याच्याशी होतं.

मग यादीत "कुस्ती", "तालीम" शोधणं सोडलं आणि खासगीकडचा (म्हणजे राजघराण्याचा) खर्च, बक्षीस, पोशाख, कोठी (धान्याचं कोठार) असे शब्द धरले. रुमाल सुटायला लागले. (लाल कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं म्हणजे रुमाल, सोडला की आधी शिंक येते.) टिपणं पेन्सिलीनंच काढायची, फोटो हवा असेल तर वेगळी परवानगी.

मोडीचा वर्ग मी केला होता, पण वर्गातली मोडी आणि घाईत असलेल्या कारकुनाची मोडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. शेवटी एका निवृत्त गुरुजींना सोबत नेलं. त्यांची रीत मजेशीर. आधी ओळ वाचायचीच नाही. आकडे बघायचे, कारण आकडे लवकर लागतात. शेर आणि छटाक दिसले की ते धान्य-किराण्याचं पान, रुपये-आणे-पै दिसले की रोखीचं. असं करत एका पानावर त्यांचं बोट थांबलं. दूध, तूप, बदाम, खडीसाखर, प्रत्येकापुढं माप. आणि खाली नावांची उतरंड. आडनाव कुणालाच नाही. नुसतं नाव आणि गाव. पणजोबांच्या नावाचे दोन पैलवान एकाखाली एक! आमचं गाव पुढं लिहिलेलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर परक्याच्या बदामांवर आम्ही हक्क सांगितला असता.

तर पैलवान होते, सरकारी खुराकावर होते, एवढं कागदानं सिद्ध झालं. पण घरच्यांना हवी होती कुस्ती. खासबागेच्या पहिल्याच मैदानात पणजोबा लढले आणि महाराजांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला, असं चुलते छातीठोकपणे सांगतात. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळायला घेतली. सुरुवात करवीर नगर वाचन मंदिरातून. ही संस्था १८५० ची. त्या काळच्या बातम्यांत मोठ्या जोडींचीच नावं येतात, बाकीच्या कुस्त्या "इतर चटकदार कुस्त्या झाल्या" अशा धर्तीच्या अर्ध्या ओळीत उरकलेल्या. आमचे पणजोबा त्या अर्ध्या ओळीत असतीलही. फोटोच्या माहितीत मी "घरात सांगितलं जातं" असं लिहिलं, तर चुलते आठवडाभर बोलले नाहीत.

संग्रहालयंही पालथी घातली. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे, तो प्रत्येकानं बघावाच, पण माझ्या कामाचं तिथं हाती लागलं नाही. नव्या राजवाड्यात शिकारीचं दालन बघताना मात्र हसू आलं. राजाचा खेळ पेंढा भरून काचेमागं नीट ठेवलाय. त्याच राजानं पोसलेला रयतेचा खेळ बघायचा तर तालमींच्या भिंती गाठाव्या लागतात.

म्हणून तालमीत गेले. बाईमाणूस तालमीच्या दारात आलेलं बघून पोरं गडबडली. वस्ताद बाहेर आले. "ताई, कुस्तीच्या हौद्याकडं नगा जाऊ. तुमास्नी काय बघायचं ते सांगा, फोटो मी भायेर आणतो." कट्ट्यावर चहा आला, मग फ्रेमा आल्या. फुटबॉलचे संघ, ढाली, गदा घेतलेले मल्ल. कोल्हापुरात पेठांचे फुटबॉल संघही तालमींच्याच नावानं खेळतात, त्यामुळं एकाच खिळ्यावर दोन्ही खेळ. २०१९ च्या पुरात खालच्या रांगेतल्या फ्रेमा भिजलेल्या. काच आणि फोटो एकमेकांना चिकटलेले. वस्तादांनी एक सोलून बघितली होती, त्यात पुढच्या रांगेचे चेहरे काचेबरोबर निघून आले. तशा फ्रेमा उघडू नयेत, काचेवरूनच फोटो घ्यावा. आम्ही तेच केलं: फ्रेम सावलीत तिरकी धरायची, फोटो काढणाऱ्याच्या मागं काळं कापड, म्हणजे काचेत आपलंच तोंड उमटत नाही. नावं मात्र तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्याच बैठकीत लिहून घेतली.

मूळ फोटो कुणाला देऊ नका, हे माझं ठाम मत. आमच्याच नात्यातल्या एकांनी पूर्वी एका संस्थेला पदक आणि फोटो "प्रदर्शनासाठी" दिले. पोच नाही, नोंद क्रमांक नाही, आता विचारलं तर कुणाला काही ठाऊक नाही. वस्तू द्यायचीच असेल तर दानपत्र करा आणि नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या. नाहीतर चांगला स्कॅन द्या आणि मागच्या बाजूला कोण, कुठलं, कुणी सांगितलं, एवढं लिहा.

खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांना तिथवर पोचवायला लोकांनी जी वर्गणी काढली, तिच्या पावत्या कुणी जपल्या असतील तर त्या पदकाइतक्याच मोलाच्या. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि पैलवानांचा दरबारी आश्रय गेला. पुढं साखर कारखाने मल्लांना मानधन द्यायला लागले. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीचा पैलवान शोधायचा तर कारखान्याची जुनी खातेवही गाठायची, आणि ती रद्दीत जायच्या आत.

मामांनी आता नवीन काढलंय. पणजोबा सांगलीतही लढले होते म्हणे. सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, दप्तर वेगळं, अर्ज वेगळा. मी एवढंच विचारलं, "तिथं खुराक कोण देत होतं?" मामा म्हणाले, आत्याला विचारून सांगतो.